दुकानदाराचा दुसरा प्रश्न

टेबलास गल्ला आणि सहकाऱ्यास दुकानदार मानून चालण्याचा जो परिपाठ मनोरुग्णांस सामाजिक कौशल्ये शिकविण्याच्या आपल्या व्यवसायात रूढ आहे, त्या परिपाठाबरहुकूम सलग आठ बैठकांत न अडखळता ‘अर्धा किलो साखर द्या’ असे म्हणून दाखविणारा, आणि म्हणूनच आमच्या दफ्तरात ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मिळविलेला एक तरुण रुग्ण, इस्पितळाच्या फाटकासमोरील खऱ्या दुकानात गेला. तेथे दुकानदाराने मान वर न करता ‘सुटी की पाकिटातली?’ एवढेच विचारले आणि तो रिकाम्या पिशवीनिशी परत आला. शेरा आमच्याच हातचा होता.

सामाजिक वर्तन हे शारीरिक कौशल्यासारखेच पाहत, सुधारत करावयाचे कर्म आहे, असे मायकेल आर्गाइल व ॲडम केंडन यांनी १९६७ साली मांडले. आणि पुढे रॉबर्ट लिबरमन यांनी त्याची तीन अंगे सांगितली: समोरच्याचा संकेत ग्रहण करणे, त्याचा अर्थ लावून पर्याय निवडणे, आणि मग उत्तर देणे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे अवधान आणि चेहऱ्यावरील भाव ओळखण्याची शक्ती ही पहिल्या दोन अंगांतच लंगडी पडत असता, आपण मात्र तिसऱ्यावरच घाम गाळतो, कारण तेवढेच डोळ्यांना दिसते आणि तक्त्यात भरता येते. कुर्त्झ व म्यूझर यांनी २००८ साली अशा शिक्षणाच्या २२ चाचण्यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा शिकविलेला पाठ म्हणून दाखविण्यातील परिणामाचे मान (इफेक्ट साइझ) १.२० आणि समाजातील वावरावरील परिणामाचे मान ०.५२ असे निघाले. दुसरा आकडा क्षुल्लक नव्हे. पण या दोहोंतील अंतर म्हणजेच फाटकापासून दुकानापर्यंतचा रस्ता.



तेव्हा दुकानदाराची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याने ठरलेला संवाद मोडण्याची मुभा घ्यावी, पुटपुटावे, घाई करावी, मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळावे. आणि निदान काही बैठका खोलीबाहेर, रुग्णाच्या स्वतःच्या गल्लीत, घरच्या माणसास सोबत घेऊन व्हाव्यात. त्या तरुणास आम्ही मागाहून एकच वाक्य शिकविले: ‘जरा पुन्हा सांगता का?’ तिसऱ्या खेपेस त्याने ते उच्चारले आणि साखर आणली. पाकिटातली आणली, सुटी दोन रुपयांनी स्वस्त पडली असती, हे त्याच्या आईने त्यास लगोलग ऐकविले.