कासव पाळायचे, पण कोणते?

देवळात गाभाऱ्यासमोरच्या फरशीवर कोरलेले कासव आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ससा-कासवाची गोष्ट बालवर्गातच पाठ होते. तेव्हा एखादे कासव आपल्या घरी असावे असे मुलांना वाटले तर त्यात नवल नाही. यंदा काही पालकांनी विज्ञान-कक्षातही काचेच्या पेटीत कासव ठेवावे असे सुचवले आहे आणि कोणते कासव योग्य ठरेल असे विचारले आहे. सूचना चांगल्या हेतूने आली आहे, म्हणून आमचे मत मोकळेपणाने मांडतो.

पहिला प्रश्न कायद्याचा. आपल्या देशातील कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा-कासव चोरट्या बाजारात फार खपते. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. 2019 साली आंतरराष्ट्रीय व्यापारातही त्याला सर्वांत कडक संरक्षण मिळाले. विकणारा "काही होत नाही, सगळेच पाळतात" असे सांगतो. पण कायदा घेणाऱ्यालाही सोडत नाही. म्हणजे देशी कासव या यादीतून बादच झाले.

उरते ते परदेशी कासव. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत हिरव्या पाठीची, कानाजवळ लाल पट्टा असलेली चिमुकली पिल्ले दिसतात. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याचे. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे पिल्लू पाहून मुले हट्ट धरतात. दुकानदार एक छोटे भांडे आणि दाण्यांची डबी देतो आणि काम झाले असे आपल्याला वाटते.

पण ते पिल्लू तसेच राहत नाही. मादी वाढून 25 ते 30 सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते. नीट सांभाळली तर ही कासवे वीस-तीस वर्षे जगतात. आज तिसरीत असलेल्या मुलाने आणलेले कासव त्याच्या लग्नातही हजर असेल! तोवर त्याला पोहता येईल एवढे खोल पाणी, अंग कोरडे करून ऊन खायला जागा आणि पाणी स्वच्छ ठेवण्याची सोय लागते. ऊन मिळाले नाही तर हाडे व कवच मऊ पडतात. काचेतून गाळून आलेले ऊन त्या कामाचे नाही. शिवाय ग्वाल्हेरचा मे-जूनचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा लहान पेटीतले पाणी किती तापेल याचा विचार करावा. आणि शाळेला दीड महिना सुट्टी असताना पाणी कोण बदलणार?

आरोग्याची बाजूही आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुले कासव हाताळतात आणि तेच हात तोंडात घालतात. याच कारणासाठी अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

मग कंटाळलेले लोक काय करतात? कासव जवळच्या तलावात किंवा नदीत सोडतात आणि पुण्य केले असे मानतात. जगातील सर्वांत उपद्रवी 100 परकीय जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. ते देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात थांबवली.

आपल्यासाठी ही गोष्ट दूरची नाही. चंबळ आपल्या शहरापासून फार लांब नाही. लाल डोक्याचे बाटागुर हे अतिसंकटग्रस्त कासव एके काळी गंगेच्या खोऱ्यात बरेच पसरलेले होते. आज त्याची मोठी वस्ती मुख्यतः चंबळेतच उरली आहे. विणीच्या काळात नराच्या डोक्यामानेवर लाल, पिवळे, निळे रंग चढतात. असा ठेवा दाराशी असताना त्याच पाण्यात परकीय कासव जाण्याची वाट आपणच उघडावी का?

घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते असे काही जण सांगतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी पितळेचे कासव ठेवावे. त्याला ऊन-पाणी लागत नाही आणि कोणाचा जीव कोंडत नाही.

प्राणी पाळल्याने मुलांना जबाबदारी कळते, हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. पण आपल्या हौसेसाठी एखाद्याला वीस वर्षे पेटीत ठेवायचे, ही शिकवण त्यातून जाऊ नये. आपल्या संतांनी कासवीचा दाखला दिला आहे तो नजरेने पिलांना पोसणारी म्हणून. शास्त्र काही वेगळे सांगत असले तरी हात न लावता, दुरून माया करण्याचा तो विचार आज उपयोगी आहे.

म्हणून "कोणते कासव?" याला आमचे उत्तर "कोणतेच नको" असे आहे. विज्ञान-कक्षासाठी पेटी घेण्याऐवजी त्या खर्चात हिवाळ्यात चंबळ अभयारण्याची आणि मुरैन्याजवळच्या देवरी केंद्राची सहल काढावी. थंडीत घडियाल आणि कासवे वाळूवर ऊन खात पडलेली दिसतात.

ज्यांच्या घरी आधीच स्लायडर आहे त्यांनी घाबरू नये. मोठी टाकी, ऊन आणि स्वच्छ पाणी द्यावे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सांभाळणे अशक्य झाले तर तलावात न सोडता वनविभागाचा किंवा प्राणिसंग्रहालयाचा सल्ला घ्यावा. देशी कासव असेल तर ते विनाविलंब वनविभागाच्या स्वाधीन करावे. सहलीच्या सूचनेवर पालकांनी आपली मते वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावीत, ही विनंती.