मेसेज मिळाला का?

कोविडनंतर आपल्या पब्लिकने ‘साइटोकाइन’ या शब्दाची धास्तीच घेतलीय. साइटोकाइन म्हटलं की पुढे ‘स्टॉर्म’ आलंच! एका भांडणावरून एखाद्याला कायमचा गुंड ठरवावा, तसं झालंय हे. म्हणून आज मी त्याची बाजू मांडणार आहे.

साइटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेला एसएमएस. कागदावर नाही, प्रोटीनमध्ये लिहिलेला. त्यातला माझा फेव्हरिट इंटरल्यूकिन-७. त्याचं एक महत्त्वाचं ऑफिस आहे तुमच्या छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत. बरीच वर्षं या ग्रंथीला कुणी विचारत नव्हतं. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि कळलं, की आपल्या इम्युनिटीच्या टी-पेशी इथेच तयार होतात. टी फॉर थायमस!

बोन मॅरोतून इथे फ्रेशर्स येतात. सिलेक्शन इतकं कडक, की शंभरातल्या पाचही पास होत नाहीत. पण परीक्षेला बसायलासुद्धा आधी जगायला हवं ना? थायमसच्या पेशी त्यांना इंटरल्यूकिन-७ पाठवतात. मजकूर साधा : ‘जग, वाढ.’ तो पोचला नाही, तर फ्रेशर तिथेच संपते.

आणि मेसेज आला, पण हँडसेटच बिघडलेला असेल तर?

अमेरिकेतल्या डेव्हिड वेटरचं तेच झालं. १९७१ मध्ये जन्मला आणि लगेच प्लास्टिकच्या निर्जंतुक बबलमध्ये गेला. आईचा हात लागायचा तोही रबरी हातमोज्यातून. बारा वर्षं! १९८३ मध्ये बहिणीचा बोन मॅरो दिला. त्यात एक व्हायरस लपलेला होता. फेब्रुवारी १९८४ मध्ये डेव्हिड गेला. त्याच्या आजाराचं मूळ सापडलं ते १९९३ मध्ये. पेशीवरच्या रिसेप्टरचा ‘गॅमा चेन’ नावाचा एक तुकडा बिघडलेला. इंटरल्यूकिन-७ येत होतं, पण ते वाचणारं कुणी नव्हतं.

आज हा आजार बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ओळखता येतो. थायमसमध्ये नव्या टी-पेशी बनताना डीएनएचे छोटे तुकडे गळतात, तेच मोजायचे. अमेरिकेतली सगळी राज्यं २०१८ पर्यंत ही टेस्ट करू लागली. इन्फेक्शन होण्याआधी, पहिल्या काही महिन्यांतच बोन मॅरो मिळाला, तर बहुतेक बाळं वाचतात.

तेव्हा यापुढे कुणी साइटोकाइनच्या नावाने बोटं मोडली, तर त्याला डेव्हिडची गोष्ट सांगा.