स्वस्त तिकिटाचा जमाखर्च

स्वस्त विमानाचा मी विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट त्याच्या जिवावरच आमचा संसार दोन गावांत चालतो. मुलगी बंगळूरला, आम्ही मेहकरला. वर्षातून सहा-सात वेळा तरी नागपूर-बंगळूर होते. मी बँकेत अधिकारी होतो तेव्हा एलएफसीवर रेल्वेचे भाडे मिळे आणि विमानात मुख्यालयातले मोठे साहेब बसत. आज निवृत्त माणूस पेन्शनमधून विमानाचे तिकीट काढतो, ही गोष्ट लहान नाही.

हे ज्यांनी आपल्याकडे पहिल्यांदा करून दाखवले ते कॅप्टन गोपीनाथ. सैन्यातून बाहेर पडलेल्या या शेतकरी माणसाने २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली आणि बोधचिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला. चौकड्यांचा कोट आणि धोतर नेसलेला, सगळे बघणारा आणि काही न बोलणारा तो म्हातारा! विमान कंपनीला याहून समर्पक चित्र सापडले नसते. एक रुपयाच्या तिकिटाची तेव्हा केवढी चर्चा झाली होती. २००८ मध्ये ती कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली, कॉमन मॅन उतरला, आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. पण गोपीनाथांनी लावलेली सवय गेली नाही.

या धंद्याचे गणित साधे आहे. विमान हवेत असते तेव्हाच कमावते. म्हणून ते उतरले की अर्ध्या तासात पुन्हा उडवायचे, दिवसात जमतील तितक्या फेऱ्या करायच्या, शक्यतो एकाच जातीची विमाने ठेवायची म्हणजे सुटे भाग आणि वैमानिकांचे शिक्षण स्वस्तात होते. चहा-नाश्ता विकत. यात मला काही गैर दिसत नाही. दोन तासांच्या प्रवासात कोणी उपाशी मरत नाही, आणि आमच्याकडे दशम्या असतात. मात्र या गणितात एक मेख आहे. सकाळी दिल्लीला धुके पडले की तेच विमान दिवसभर उशिरा धावते आणि त्या धुक्याचा चटका रात्री नागपूरच्या प्रवाशाला बसतो. वेळापत्रकात सैल जागा ठेवली तर तिकीट महागते. म्हणून ती ठेवत नाहीत. ती सैल जागा कोणाकडून घेतली जाते? प्रवाशाकडून.

शहरातल्या प्रवाशाला हे फारसे जाणवत नसेल. त्याला उशीर झाला तर तो घरी थांबतो. आमचा प्रवास विमानतळावर सुरूच होत नाही. मेहकरहून समृद्धीने नागपूर साडेतीन-चार तास, त्याआधी गाडी ठरवणे, शेजाऱ्यांकडे किल्ली देणे, हिच्या गुडघ्यांसाठी वाटेत दोनदा थांबणे. मागच्या खेपेला रात्री नऊ वाजता मोबाईलवर संदेश आला की उद्याचे अकराचे विमान आता पहाटे सहा चाळीसला सुटेल. कारण ‘परिचालन’. म्हणजे रात्री बाराच्या सुमारास घरातून निघायचे. ठरवलेल्या गाडीवाल्याने हात वर केले, दुसरा मिळाला तो साडेसहा हजारांवर. विमानाचे तिकीट होते बेचाळीसशेचे. कंपनीच्या दृष्टीने तिने फक्त वेळ बदलली होती आणि तक्रारीला जागाच नव्हती; पटत नसेल तर पैसे परत घ्या. पैसे परत घेऊन काय करू? नातवाचा वाढदिवस परत मिळणार आहे का?

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. एकीचे घेतले तर दुसऱ्या सोज्वळ ठरतील, आणि तशा त्या नाहीत.

खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा. परतीच्या वेळी रात्री सव्वानऊचे विमान होते. फलकावर आधी नऊ पन्नास आले, मग दहा चाळीस, मग अकरा वीस, मग बारा दहा. प्रत्येक वेळी उशीर थोडाच. प्रत्येक वेळी माणूस म्हणतो, एवढे थांबलोच आहोत तर अजून थोडे. बँकेतल्या माझ्या आयुष्यातला मोठा भाग कर्जवसुलीत गेला, त्यामुळे ही पद्धत मला पाठ आहे. एक कर्जदार असा असतो की दर सोमवारी येऊन म्हणतो, साहेब, आठ दिवसांत भरतो. वर्ष जाते, आठ दिवस तसेच राहतात. दुसरा हंगाम बुडाला की कापसाचे बोंड घेऊन येतो आणि सांगतो, यंदा जमत नाही. त्याच्या कर्जाचे पुनर्गठन करता येते, हप्ते पुढे नेता येतात, कारण त्याने खरे सांगितलेले असते. पहिल्याचे काहीच करता येत नाही. विमान मुळात कोणत्या गावाहून येणार आहे आणि तिथून ते निघाले की नाही, हे कंपनीला तासनतास आधी ठाऊक असते. सव्वानऊलाच ‘बारा दहा’ म्हटले असते तर खुर्चीत ताटकळण्याऐवजी बाहेर जाऊन आम्ही गरम जेवण तरी केले असते.

पैशांच्या बाबतीतही तेच. तिकीट काढायला बसलो तेव्हा आकडा एक होता, पैसे भरेपर्यंत दुसरा झाला. खुर्ची निवडायचे वेगळे, आणि संगणकावरच्या तक्त्यात जिथे बोट ठेवावे तिथे किंमत. न निवडताही खुर्ची मिळते, हे सांगणारी ओळ इतकी बारीक की ती वाचायला नातू लागला. शेवटी ‘सुविधा शुल्क’. मीच घरी बसून कारकुनी करायची आणि सुविधेचे पैसेही मीच द्यायचे! खात्यात अशी नोंद टाकली असती तर आमच्या वेळचा ग्राहक पासबुक घेऊन थेट मॅनेजरच्या टेबलावर आला असता.

एकदा नागपूरला रांगेत माझ्यापुढे लोणार तालुक्यातले एक शेतकरी होते. मुलगा बंगळूरला, म्हाताऱ्यांची पहिलीच विमानवारी. पिशवीत घरची तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ, कुरड्या. सामान पाच किलो जास्त भरले. जादा वजनाचे किलोला पाचशेच्या वर सांगितले. डाळीचा भाव तेव्हा दीडशेच्या आसपास. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मंग डाळच बसवा ना मॅडम खुर्चीवर. मी जातो बसनं.” काउंटरवरची मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली, तिचे तरी काय हातात? कुरड्या आणि पीठ पोहोचवायला आलेल्या भाच्याबरोबर परत लोणारला गेले, डाळ विमानात गेली. पंधरा किलोचा नियम तिकिटावर छापलेला होता, हे मान्य. पण तिकीट मुलाने फोनवर काढलेले, इंग्रजीत, आणि प्रवास करणार होते वडील.

फार ओरडायचीही भीती वाटते. आमच्या जिल्ह्याला विमानतळ नाही. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या लोकांना जळगाव जवळ. तिथे ‘उडान’ योजनेत २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कन नव्या अवतारात आली, एकोणीस खुर्च्यांचे छोटे विमान घेऊन. ती टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. पुन्हा सेवा मिळाली ती २०२४ मध्ये, फ्लाय९१ आणि अलायन्स एअरची. असे असता लोक म्हणतात, उशिरा का होईना येते ना, गप्प बसा. गरजूने तक्रार करू नये, हा न्याय आपण रेशनच्या दुकानापासून ऐकत आलो आहोत.

आणि तसा कायदा नाही असेही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये प्रवाशांच्या हक्कांचे नियम केले, २०१६ मध्ये भरपाईचे आकडे वाढवले. आगाऊ न कळवता उड्डाण रद्द केले तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे पाच, साडेसात किंवा दहा हजार. पण मूळ भाडे आणि इंधन अधिभार त्याहून कमी असेल तर तेवढेच. या ‘जे कमी असेल ते’ मध्ये स्वस्त तिकिटाचा प्रवासी सापडतो. त्याचे भाडे कमी, म्हणून नुकसानही कमीच असणार, असे हा नियम धरून चालतो. माझ्या साडेसहा हजारांना त्यात रकानाच नाही.

२०२५ च्या डिसेंबरात हे साऱ्या देशाला कळले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले: आठवड्याची विश्रांती छत्तीसऐवजी अठ्ठेचाळीस तास, रात्रीची उतरणी सहाऐवजी दोन. नियम अचानक आलेले नव्हते, पण देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, पुरेशी तयारी ठेवली नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्या कंपन्यांची भाडी इतकी भडकली की सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली, आणि वैमानिकांच्या नियमांतही त्या कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये यासाठी केलेला नियम प्रवाशांच्या हालांपुढे वाकवावा लागला, ही यातली सर्वांत चिंतेची बाब. पुढे त्या कंपनीची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करण्यात आली. विमानतळांवर झोपलेल्या लोकांची चित्रे मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यांत किती जण दूरच्या तालुक्यांतून आलेले असतील?

यावर काय करावे, हे मी माझ्या जुन्या धंद्यातूनच सांगू शकतो. एटीएममधून पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, हा अनुभव अनेकांना असेल. पूर्वी अर्ज, खेटे, शाखेकडून मुख्यालय, असा तो प्रवास चाले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत घालून दिली: पाच दिवसांत पैसे खात्यात परत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये, तेही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता, आपणहून. शंभर रुपये फार नव्हेत. पण न मागता द्यावे लागणार म्हटल्यावर यंत्रणा हलते. विमान चार तास उशिरा गेले की भाड्याचा ठरावीक हिस्सा, आणि आदल्या दिवशी वेळ अलीकडे ओढली की गाडीभाड्यासकट भरपाई, अशीच आपोआप खात्यात पडावी. त्यासाठी कंपनीला काही शोधावे लागणार नाही. प्रवाशाचा फोन तिच्याकडे आहे, पत्ता आहे, आणि तिकिटाचे पैसे कोणत्या खात्यातून आले तेही आहे.