चांगला फोटो खराब का केलास?

मंडळी, आज आधी एक कबुली. माझ्या चुलतबहिणीच्या फोटोला चंदनाचा हार घातला गेला, आणि त्याला मी जबाबदार आहे. ताई धडधाकट आहे. बंगळुरूला नोकरी करते, आणि हे छापून आलं की फोन करून मला पुन्हा एकदा झापणार आहे. पण हा किस्सा सांगितल्याशिवाय या आठवड्याचा विषय सुरूच होत नाही. विषय म्हणजे आपल्या सगळ्यांचा लाडका टाइमपास... कालचा फोटो शंभर वर्षांपूर्वीचा करून दाखवणं!

तुम्हीही केलंय, नाही म्हणू नका. ऑफिसात ट्रॅडिशनल डे असतो, कुणीतरी नऊवारी नेसून येतं, कॉफी मशीनसमोर फोटो निघतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो तपकिरी होऊन सगळ्यांच्या फोनवर. पदर १९१०चा, नथ १९१०ची, आणि मागे भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर. (तोही तपकिरी. म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही, असा आपला समज.)

माझी केस जरा वरच्या लेव्हलची होती. डिसेंबर २०१९, वाईचं आमचं जुनं घर, ताईच्या लग्नाचा आदला दिवस. संध्याकाळचं तिरकं ऊन ओसरीवर आलेलं आणि ताई नऊवारीत, आजीची नथ घालून खांबाला टेकून बसलेली. मी फोनवर एक फोटो काढला. जो तो म्हणायला लागला, ‘अगदी आजी!’ झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. रात्री सगळे मेंदीत रंगलेले असताना मी लॅपटॉप उघडून बसले.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी फंडा सांगते. एका क्लिकचं फिल्टर मारलं की फोटो जुना दिसत नाही, चहा सांडल्यासारखा दिसतो. आधी रंग काढायचे, पण सगळे सारखे नाही. लालचा स्लायडर खाली ओढायचा, निळ्याचा वर. कारण काचेच्या प्लेट्सना आणि सुरुवातीच्या फिल्म्सना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून अगदी जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळंभोर दिसतं आणि आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं. मग कर्व्ह्जमध्ये जाऊन काळ्याचं टोक थोडं वर उचलायचं, पांढऱ्याचं थोडं खाली आणायचं. काळा राखाडी होतो, पांढरा मळका. त्यावर तपकिरी छटा, कडांना हलका अंधार, थोडा ग्रेन. शेवटी जुन्या कागदाचा स्कॅन वरच्या लेअरला टाकून ब्लेंड मोड मल्टिप्लाय. डाग, सुरकुत्या, वाळवीची भोकं, जे हवं ते मिळतं.

मी सगळं घेतलं. एका कोपऱ्याला घडी पडल्याची रेघही मारली. आणि शायनिंग म्हणून खाली तिरक्या अक्षरांच्या फॉन्टमध्ये लिहिलं, ‘वाई, १९५१’. आजीच्या लग्नाचं साल. या चार आकड्यांनी पुढे काय घोळ घातला, ते येतंच.

सकाळी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले, हार्ट्स आले. आजीकडे व्हॉट्सॲप नव्हतं, म्हणून तिला लॅपटॉपवर दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला.

‘छान आलीय गं पोरगी. पण चांगला फोटो खराब का केलास?’

‘आजी, खराब नाही, जुना केलाय.’

‘जुना कशाला करायचा? ठेवला तर होतोच की आपोआप.’

आणि मग तिने तिच्या वेळच्या फोटोवाल्यांची गंमत सांगितली. तेव्हा लोक स्टुडिओत गेले की ‘टचिंग करून द्या’ म्हणून मागे लागायचे. फोटोवाला निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे व्रण घालवायचा, काळ्यापांढऱ्या प्रिंटवर ब्रशने गाल गुलाबी करायचा, साडीला हिरवा रंग द्यायचा. म्हणजे एडिटिंग तेव्हाही जोरात होतं, फक्त दिशा उलटी! त्यांना रंग हवे होते आणि मिळत नव्हते. आपल्याकडे लाखो रंग फुकट पडलेत, तर आपण ते काढून टाकतोय.

‘तुझा असा फोटो आहे?’ मी विचारलं.

‘आमच्या लग्नात कुठला फोटोवाला! सासरे म्हणाले, खर्च कशाला.’

हे मी तेव्हा हसत हसत ऐकलं. मेंदीवाली हाका मारत होती.

आजीच्या त्या ‘खराब’ शब्दाने नंतर मात्र माझा पिच्छा पुरवला. थोडं वाचलं, पुण्यात जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात तासन् तास बसले, तेव्हा कळलं की म्हातारी शंभर टक्के बरोबर होती. सेपियाचंच घ्या. हा शब्द ग्रीकमधून आला, माकुळाच्या जातीच्या एका समुद्री जिवावरून. त्याच्या शाईपासून पूर्वी तपकिरी रंग करत. फोटोत मात्र ही शाई कधीच नसते. प्रिंटमधल्या चांदीचं रसायनाने सिल्व्हर सल्फाइड केलं की ती तपकिरी होते, आणि मुख्य म्हणजे जास्त टिकाऊ होते. म्हणजे लोक सेपिया करून घ्यायचे त्यात फोटो टिकावा हाही हिशेब असायचा. आपण तोच रंग घेतो आणि वर भेगा मारतो!

दुसरा गैरसमज, जुने फोटो धूसर असतात. छे! राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांचे फोटो जरा मोठे करून बघा. पगडीच्या घड्या मोजाव्यात इतके खणखणीत. वहीच्या पानाएवढ्या काचेच्या निगेटिव्हवरून, निगेटिव्हच्याच मापाचा प्रिंट काढला की काय बिशाद आहे धूसर यायची. धूसर होतो तो आपण कॉपीच्या कॉपीची कॉपी बघतो म्हणून.

रंगीत फोटोंची तीच कथा. सत्तरच्या दशकातले आईबाबांचे फोटो लालसर-गुलाबी झालेले असतात ना? त्या प्रिंट्समधला निळसर रंग आधी उडून जायचा आणि लाल मागे राहायचा. आईची ती साडी घेतली तेव्हा गुलाबी नव्हती, विचारा तिला. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१०मध्ये सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या फिल्टर्सपैकी एकाचं नावच ‘१९७७’. गुलाबी छटावालं. पण १९७७ साली दुकानातून आणलेला फोटो असा दिसत नव्हताच. असा दिसतो तो १९७७चा फोटो तीस वर्षं अल्बममध्ये पडून राहिल्यावर.

दुकानातल्या काकांनी माझी ताईची कलाकृतीही बघितली. म्हणाले, ‘१९५१चा फोटो असा असतो होय? तेव्हा बहुतेक ठिकाणी सरळ काळेपांढरे प्रिंट मिळायचे. हा रंग आणि ह्या भेगा बघून मी आजीच्या आजीचा म्हटला असता.’ मी जरा खट्टू झाले. कुणी फसणार नाही म्हणून मनातल्या मनात हुश्शही केलं.

तर बॉस, फसले ना.

आजी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे पुन्हा वाईला जमलो. मी ओसरीवरून आत गेले आणि जागच्या जागी थिजले. पाटावर दोन फूट उंच सोनेरी फ्रेम, समोर समई, वर चंदनाचा हार, आणि हारामधून माझ्याकडे बघणारी... ताई! माझ्या भेगांसकट, माझ्या घडीच्या रेघेसकट. खाली ‘वाई, १९५१’.

झालं होतं असं. नाशिकची आत्या ताईच्या लग्नाला नव्हती, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ग्रुपवर ती लॉकडाऊनमध्ये आली, फोटोनंतर. आजी गेल्यावर कुठल्याशा दादाने तो फोटो पुन्हा फिरवला, बरोबर एक ओळ, ‘आजी, तरुणपणी’. फोनने फोटो काढला की तारीख, वेळ, कॅमेरा असं सगळं त्या फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते पुसलं जातं. उरलं काय, तर माझे चार आकडे. आत्याला आईचा तरुणपणीचा फोटो आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. तिने तो स्वतःच्या पैशाने मोठा करून आणला होता.

आणि त्या फ्रेमसमोर आजीचे धाकटे भाऊ, आमचे मामाआजोबा, वय वर्षं चौऱ्याऐंशी, खुर्ची ओढून बसले होते. डोळे पुसत होते. ‘अक्काच,’ म्हणत होते. ‘अक्काच.’

माझ्या फोनवर ताईचा मेसेज आला. ‘खंबाटकी ओलांडला. पोचतेच.’

खरं सांगते, पहिला विचार आला तो पळून जायचा. दुसरा, गप्प बसायचा. मामाआजोबा रडतायत, आत्या खूश आहे, काय बिघडलं? पण जिवंत माणसाच्या फोटोला हार! ताई आत आली की सगळ्यांना कळणारच होतं, आणि तिच्या सासूबाई तिच्याबरोबर गाडीत होत्या. मी आत्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आत्या ओट्याला टेकली. रागावली असती तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘मी रोज नमस्कार करत होते गं त्याला.’

आम्ही दोघींनी हार काढला, फ्रेम उचलून आतल्या खोलीत नेली. मामाआजोबांनी विचारलं, ‘का काढला?’ आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पण नथ अक्काची आहे. तिचा एक मोती जरा वाकडा बसलाय. लग्नात मी बघितलाय.’ तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मी फोन काढून मूळ फोटो मोठा केला. मोती वाकडा होता. माझ्या एडिटिंगमध्ये तो ग्रेनखाली गेला होता.

पाटावर मग दुसरा फोटो आला. १९६८चा, थोरल्या काकांच्या मुंजीतला ग्रुप फोटो. सत्तावीस माणसं, आजी तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्यामागे. तिचा घरातला सगळ्यात जुना फोटो तोच. हार त्याच्यापेक्षा मोठा होता, म्हणून नुसती फुलं वाहिली. ताई आली, तिला रात्री सांगितलं. तिची प्रतिक्रिया या पानावर छापण्यासारखी नाही.

तो मुंजीचा फोटो मी पुण्याला आणून सहाशे डीपीआयला स्कॅन केला. कोपऱ्यातला पाण्याचा डाग तसाच ठेवला. एक प्रिंट काढून मामाआजोबांकडे घेऊन गेले. ते बोट ठेवून सांगत गेले, मी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने नावं लिहीत गेले. सव्वीस लागली. दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरी, परकर-पोलक्यातली एक मुलगी, डोळे मिटलेले... ती काही त्यांना आठवेना. मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. तिने चष्मा वर केला, खाली केला.

‘अगं मेल्ये, मीच की ती!’