मैलागाळ शेतात यावा, पण तपासणीपत्रासह

बंगळूरच्या मारतहळ्ळी परिसरालगतचा बेळ्ळंदूर तलाव फेसाळलेल्या पाण्यामुळे आणि २०१७ व २०१८ मध्ये लागलेल्या आगींमुळे देशभर गाजला. चर्चा झाली ती पाण्याची. गाळाचा प्रश्न मात्र मागेच राहिला. सांडपाणी शुद्ध केले म्हणजे त्यातील घाण नाहीशी होत नाही. तिचा मोठा भाग गाळात एकवटतो. या भागातील मोठ्या गृहसंकुलांत स्वतंत्र शुद्धीकरण केंद्रे आहेत. त्यांतून रोज निघणारा गाळ कोठे जातो, हा प्रश्न शहराइतकाच शेतीचाही आहे.

सोनखताची परंपरा आपल्याला नवी नाही. गाळात नत्र, स्फुरद व सेंद्रिय कर्ब असतो. सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनींना त्याची गरज आहे. बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे २०१५ पासून शौचालयांच्या खड्ड्यांतील मैलागाळावर प्रक्रिया केली जाते; ओल्या कचऱ्यासह त्याचे कंपोस्टही केले जाते. महाराष्ट्रात वाई व सिन्नर येथेही मैलागाळ प्रक्रिया केंद्रे उभी राहिली आहेत. म्हणजे मार्ग उपलब्ध आहे.

तथापि, घरगुती मैला आणि महानगरातील सांडपाणी यांत मोठा फरक आहे. शहरी गटारांत कारखान्यांचे, विशेषतः धातुमुलामा देणाऱ्या लहान उद्योगांचे पाणी मिसळू शकते. जंतांची अंडी व रोगजंतू उष्णतेने मरतात; त्यासाठी उघड्यावरील कंपोस्टच्या राशीत ५५ अंश सेल्सिअस तापमान किमान १५ दिवस राखून या काळात किमान पाच वेळा रास उलथवावी लागते. कॅडमियम व शिसे मात्र कंपोस्टिंगने नष्ट होत नाहीत. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये कॅडमियमची कमाल मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम, तर शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. या मर्यादेवरचे कंपोस्ट हेक्टरी ५ टन टाकल्यास एका वेळी २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते आणि त्यातील बहुतेक तेथेच साठते. आम्लधर्मी जमिनीत पिके ते अधिक शोषतात. पालेभाज्यांत हा धोका विशेष असतो. त्यामुळे कोकणातील जांभ्या जमिनीस आणि विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस एकच शिफारस लागू पडणार नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. गाळ फुकट मिळतो, एवढ्यावर शेतकऱ्याने तो स्वीकारू नये. प्रत्येक खेपेसोबत जड धातू व रोगजंतूंच्या तपासणीचा अहवाल असावा आणि त्याचा खर्च गाळ निर्माण करणाऱ्याने सोसावा. शहराची अडचण दूर करण्यासाठी शेतकऱ्याच्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या किंमत मोजणे न्याय्य नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम माती परीक्षण करून घ्यावे. कच्चा गाळ शेतात टाकू देऊ नये. प्रक्रिया केलेला गाळही आरंभी फळबागा, वनशेती अशा ठिकाणीच सुचवावा. पालेभाज्या व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कंदांना तो वर्ज्य मानावा. कोणत्या शेतात, केव्हा आणि किती गाळ टाकला, याची नोंद ठेवावी. गाळातील अन्नद्रव्ये जमिनीतून आली आहेत. ती जमिनीला परत मिळावीत, पण विष वगळून.