मेडिक्लेम आहे, पण शुश्रूषेचे काय?

पक्षाघाताचा रुग्ण डिस्चार्ज घेऊन घरी येतो, तेव्हा रुग्णालयाचे बरेचसे बिल मेडिक्लेमने भागवलेले असते. कुटुंबाला हायसे वाटते. मोठा खर्च मात्र त्या दिवशी सुरू होतो. कूस बदलून देणे, स्पंजिंग, नळीतून भरवणे, डायपर बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड लावणे ही कामे महिनोन्महिने चालतात. ब्युरोकडून बारा तासांची बाई ठेवली आणि तिचे दिवसाला हजार रुपये धरले, तरी महिन्याचे तीस हजार झाले. रात्रीची बाई ठेवली की साठ.

हे पैसे विमा देईल, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. आरोग्य विम्यातून काय वगळता येईल, याची प्रमाणित भाषा विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिली. आंघोळ, कपडे घालणे, हालचाल यांसाठी घरी किंवा नर्सिंग होममध्ये दिली जाणारी मदत तिच्यात आहे. ती प्रशिक्षित परिचारिकेने दिली तरीही. डिस्चार्जनंतरचे 60 किंवा 90 दिवस पॉलिसीत असतात, ते मुख्यतः औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांसाठी.

आयुष्मान भारत योजनेने 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेतले, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत. हा निर्णय मोलाचाच आहे. पण हे संरक्षणही रुग्णालयातल्या उपचारांचे. डिस्चार्जनंतर फक्त 15 दिवसांचे.

अशी वेळ अगदी थकल्यावरच येते, हेही खरे नाही. दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार बसलेला पंचविशीतला तरुण आयुष्यभर दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहू शकतो. स्मृतिभ्रंशात तर हातपाय धड असतात, म्हणून सांभाळ वर्षानुवर्षे करावा लागतो. वृद्धत्वाविषयीच्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीवर आधारलेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

‘मुले-सुना बघतील’ असे म्हटले जाते, आणि ती बघतातही. त्यासाठी नोकरी सोडावी लागते ती बहुधा सुनेला किंवा मुलीला. तिचा बुडालेला पगार आणि थांबलेला पीएफ कोणत्याच हिशेबात येत नाही. शिवाय मुलांनी सांभाळले नाही, तर आई-वडिलांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याने न्यायाधिकरण त्यांच्याकडून महिन्याला जास्तीत जास्त 10 हजार रुपयेच देववू शकते. वरच्या हिशेबात ही रक्कम एका बाईसाठी जेमतेम दहा दिवस पुरते.

जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने 2000 मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा आणला. जपानमध्ये चाळिशीपासूनच त्याचा हप्ता भरावा लागतो. इथे निदान आयुष्मानमध्ये अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी घरपोच शुश्रूषेचे ठरावीक तास यायला हवेत. तोवर घरोघरी पॉलिसीतले वगळणुकीचे पान वाचले जावे आणि शुश्रूषेचे पैसे वेगळे काढले जावेत. मुलांच्या नावे घर करून देणाऱ्यांनी बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहावी. ती पाळली गेली नाही, तर त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.