घरी बनवलेलं विमान आणि दहा ग्रॅमचा फरक: प्रोपेलर बॅलन्सिंग म्हणजे नेमकं काय?

‘सोलापूरचं विमान सुरू होणार’ हे ऐकत ऐकतच आमची पिढी मोठी झाली. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, ९ जून २०२५ ला, फ्लाय९१ चं गोव्याचं विमान होटगी रोडच्या विमानतळावरून उडालं. १५ ऑक्टोबरपासून मुंबईचीही सेवा सुरू झाली. पण आमच्या घरात चर्चा झाली ती गोव्याच्या विमानाचीच, कारण ते पंख्याचं आहे. एटीआर ७२ जातीचं. दोन इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाला सहा पात्यांचा प्रोपेलर.

त्या विमानाचा व्हिडिओ बघून माझ्या मावसभावानं विचारलं, “दादा, असलं छोटं विमान घरी बनवता येतं का रे?” तो बारावीला आहे. बाईकच्या इंजिनावर पंखा लावून शेतात विमान पळवणाऱ्या पोरांच्या रील्स त्याच्या फोनवर रोज येतात. माझं उत्तर होतं, “बनवता येतं, आपल्याच महाराष्ट्रात बनवलंय. पण बनवणं आणि उडवणं यांच्या मधे एक काम असतं. ते रीलमध्ये दिसत नाही.”

हा लेख त्या मधल्या कामाबद्दल आहे.

दोन बातम्या, एकच राज्य

पहिली बातमी चांगली आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव पेशानं पायलट. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात, बीकेसीमध्ये ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, त्याची नोंदणी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. प्रदर्शनापासून चाचणीपर्यंत साडेचार वर्षं!

दुसरी बातमी वाईट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात एक तरुण वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेत होता. मागचा पंखा तुटला, मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. वय फक्त २४. त्याचा पंखा नेमका का तुटला याचा निकाल मी इथे बसून देणार नाही. पण वेगानं फिरणारी वस्तू किती माफ करते आणि किती करत नाही, हे समजून घ्यायला हवं. त्याचं गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे.

दहा ग्रॅम म्हणजे किती?

आधी खिशातला फोन घ्या. मेसेज आल्यावर तो थरथरतो कसा? जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये एक इवलीशी मोटर असते. तिच्या दांड्यावर अर्धगोल वजन बसवलेलं असतं, म्हणजे एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलकं. ते फिरलं की फोन थरथरतो. थोडक्यात, फोनमध्ये असंतुलन मुद्दाम ठेवलेलं असतं. (महागड्या फोनमध्ये आता वजन गोल फिरण्याऐवजी मागेपुढे हलवतात.)

विमानाच्या प्रोपेलरमध्ये हेच असंतुलन नको असतानाही येतं. एक पातं किंचित जड असतं, बोल्ट थोडा वेगळा असतो, नाहीतर पुढची टोपी केसभर सरकून बसलेली असते.

आता हिशोब करू. छोट्या विमानाचा प्रोपेलर मिनिटाला २४०० फेरे घेतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ४०. मध्यापासून १५ सेंटीमीटरवर एका बाजूला १० ग्रॅम जास्त आहेत. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की बल येतं सुमारे ९५ न्यूटन. म्हणजे जवळपास पावणेदहा किलो वजनाइतकी ओढ, आणि तिची दिशा सेकंदाला ४० वेळा गोल फिरते. जादा वजन पात्याच्या टोकाजवळ, ९० सेंटीमीटरवर असेल, तर एकच ग्रॅम साधारण पावणेसहा किलोची ओढ लावतो.

गणितात वेगाचा वर्ग आहे हे विसरू नका. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट होते. म्हणून कमी वेगावर ‘एकदम मस्त चाललंय’ वाटणारं यंत्र पूर्ण वेगावर वेगळंच वागतं.

अशी ओढ तासाला १,४४,००० वेळा बसते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. विमानात तसंच होतं. सायलेन्सरच्या पाइपला चीर जाते, इंजिन धरणारे ब्रॅकेट तडकतात, इंधनाच्या नळीचा जोड सैल होतो. शिवाय पायलट लवकर थकतो.

मग हे दुरुस्त कसं करतात?

गाडीचं व्हील बॅलन्सिंग तुम्ही पाहिलं असेल. चाक मशीनवर फिरवतात, स्क्रीनवर ‘इथे इतके ग्रॅम’ असं येतं आणि माणूस रिमला शिशाचा तुकडा ठोकतो. प्रोपेलरचंही जवळपास असंच असतं, फक्त प्रोपेलर काढून मशीनवर न्यायचा नाही. विमानावरच, इंजिन चालू ठेवून मोजायचं. याला डायनॅमिक बॅलन्सिंग म्हणतात.

पायरी अशी:

१. आधी बाकीची तपासणी. पाती सारख्या कोनात आहेत का? सगळ्या पात्यांची टोकं एकाच रेषेतून जातात का? इंजिनाचे रबर माउंट ठीक आहेत का? स्पार्क प्लग नीट पेटतात का? आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असं होऊ नये म्हणून.

२. इंजिनाच्या पुढच्या भागावर, प्रोपेलरजवळ, कंपन मोजणारा सेन्सर घट्ट बोल्टनं बसवतात. एका पात्यावर चमकणारी पट्टी चिकटवतात आणि समोर प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर लावतात. ती पट्टी दर फेरीला एकदा ‘मी इथे आहे’ असं सांगते.

३. वारा शांत असताना विमान बांधून, चाकांना अडसर लावून, ठरलेल्या वेगावर इंजिन चालवतात. दोन आकडे मिळतात: कंपन किती, आणि पट्टीच्या हिशोबानं कोणत्या कोनात.

४. इंजिन बंद करून प्रोपेलरच्या टोपीमागच्या प्लेटवर काही ग्रॅमचं वजन चाचणीसाठी लावतात आणि पुन्हा मोजतात. आकडा आणि कोन कसे बदलले यावरून खरं वजन आणि खरी जागा निघते. वेक्टरची बेरीज-वजाबाकी, बस.

५. शेवटी योग्य वजन, बहुतेक वेळा साधे वॉशर आणि बोल्ट, कायमचं बसवतात आणि पुन्हा एकदा मोजून वहीत नोंद करतात.

कंपन इंच प्रति सेकंद या एककात सांगायची पद्धत आहे. ०.०७ च्या आसपास किंवा खाली आलं की काम उत्तम झालं असं मानतात. १ च्या पुढे असेल तर विमान उडवायचंच नाही, आधी कारण शोधायचं.

सगळंच कंपन वजनानं जात नाही

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांमधून फिरलात तर पायाखालची जमीन हादरताना जाणवते. ती थरथर धोटा इकडून तिकडे फेकला जातो त्याची असते, आणि चाकाला वजन लावून ती थांबत नाही. इंजिनातही पिस्टन असाच मागेपुढे पळत असतो.

मग कोणतं कंपन कुणाचं, हे ओळखायचं कसं? इथे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याचं काम येतं. सेन्सरचा सिग्नल घेऊन त्याचे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे तुकडे पाडायचे. याला फूरिए रूपांतर म्हणतात. गर्दीच्या आवाजातून एकेकाचा आवाज वेगळा काढण्यासारखंच हे आहे.

उदाहरण घेऊ. रोटॅक्स ९१२ हे छोट्या विमानांमधलं लोकप्रिय इंजिन. त्याच्या आणि प्रोपेलरच्या मधे गिअर असतो. २.४३ चा गिअर असेल तर इंजिन ५५०० फेऱ्यांवर असताना प्रोपेलर साधारण २२६० वर फिरतो. म्हणजे आलेखात ३८ हर्ट्झजवळचा उंचवटा प्रोपेलरचा आणि ९२ हर्ट्झजवळचा इंजिनाचा. प्रोपेलरला वजन लावून पहिला कमी होईल, दुसरा नाही. आलेख न बघता वजनं लावत बसलात तर अंधारात दगड मारल्यासारखं होईल.

फोननं मोजता येईल का?

हा प्रश्न येणारच. फोनमध्ये अ‍ॅक्सेलेरोमीटर असतोच, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्याचे आकडे आलेखासकट दाखवतं. मी घरच्या टेबल फॅनवर करून पाहिलं. फोन फॅनच्या बैठकीवर टेपनं चिकटवला. फॅन बंद करून एका पात्याला चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले, जाळी परत बसवली, फॅन चालू केला. फॅनच्या फेऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीवरचा उंचवटा लगेच वाढला. मजा येते, आणि शिकायला मिळतं. तुम्हीही करून बघा, फक्त जाळीशिवाय नाही.

विमानाच्या बाबतीत मात्र फोन तीन ठिकाणी अडतो.

पहिलं, वेग. फोन सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही. उलट ९२ हर्ट्झचं कंपन त्याला ८ हर्ट्झचं वाटू शकतं. अँड्रॉइड १२ पासून तर अ‍ॅपनं खास परवानगी घेतली नसेल तर सेन्सरचा वेग २०० हर्ट्झवर अडवलेला असतो.

दुसरं, कोन. कंपन किती हे फोन सांगेल, पण कोणत्या बाजूला वजन लावायचं हे सांगायला पात्यावरची ती पट्टी लागते. कोन माहीत नसतानाही जागा शोधायची एक पद्धत आहे: एकदा वजनाशिवाय आणि मग तेच वजन १२० अंशांवरच्या तीन जागी लावून, अशा चार वेळा मोजायचं आणि कंपासनं वर्तुळं काढायची. टेबल फॅनवर प्रयोग म्हणून छान आहे.

तिसरं, खुद्द फोन. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं सांगितलं होतं की मोठ्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन लावला तर इंजिनाच्या कंपनानं कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते. विमानाच्या इंजिनाला फोन बांधाल तर इंजिनाचं मोजमाप होण्याआधी फोनचं काम होईल.

खरा मुद्दा

कंपनीचं विमान आणि घरचं विमान यात मोठा फरक आहे. कंपनीनं ते इंजिन, तो प्रोपेलर, तो सांगाडा ही जोडी आधीच तासन्‌तास चालवून मोजलेली असते आणि मर्यादा पुस्तकात लिहिलेल्या असतात. घरचं विमान जगात एकच असतं. त्याचे आकडे कोणाकडेच नसतात. ते बनवणाऱ्यालाच तयार करावे लागतात.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. विमानाची रचना आणि निर्मितीवर सरकारचं नियंत्रण त्यातही आहे. ‘सरकार पोरांना अडवतं’ हे रीलखालचं आवडतं वाक्य. परवानगीला वर्षानुवर्षं लागतात ही तक्रार मलाही रास्त वाटते. पण परवानगी मागते ते कागद म्हणजे शेवटी हेच आकडे: किती फेऱ्यांवर, किती कंपन, किती तास. नियम सोपे करा म्हणताना हे आकडे मिळवायची सोयही मागायला हवी. मेकॅनिकलवाल्यांना ‘डायनॅमिक्स ऑफ मशिनरी’ मध्ये बॅलन्सिंग शिकवतातच. कॉलेजच्या प्रयोगशाळा गावातल्या वेल्डर पोरासाठी आठवड्यातून एक दिवस उघड्या ठेवायला काय हरकत आहे? त्याच्याकडे हात आहेत, जिद्द आहे. त्याच्याकडे सेन्सर नाही, आणि ‘थांब, आधी मोजू’ म्हणणारं कोणी नाही.

मावसभावाला मी सध्या एवढंच सांगितलंय: आधी टेबल फॅन बॅलन्स करून दाखव, आकडे वहीत लिही, मग पुढचं बोलू. काल त्यानं मला आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवला. उंचवटा अजून कमी झालेला नाही. वजन चुकीच्या बाजूला लावलंय त्यानं.